पोलंडच्या 'हिरव्या शाळे'त इंग्रजीची स्वयंसेवक शिक्षिका : एका शिबिराचे परीक्षण

सांगलीतील मराठी माध्यमाच्या एका शाळेत मी सोळा वर्षे इंग्रजी शिकवते. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत पोलंडमधील एका निवासी शिबिरात मी दोन आठवडे स्वयंसेवक शिक्षिका म्हणून काम केले. परत आल्यापासून ओळखीचे अनेक शिक्षक खर्च किती येतो आणि जावे की नाही, असे विचारत आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच नोंदवते. मुलांसाठी हे शिबिर उत्तम आहे आणि शिक्षकालाही ते बरेच काही देते. मात्र दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्या स्वयंसेवकाचा खरा उपयोग काय, हे आयोजक संस्थेला अजून पुरते उमगलेले नाही.

पोलंडमध्ये शाळांना मोठी सुट्टी जूनअखेर लागते. त्याआधी मे-जूनमध्ये अख्खा वर्ग शिक्षकांसह आठवडाभर डोंगरात किंवा समुद्रकाठी नेऊन तेथेच शिकवण्याची पद्धत आहे आणि तिला तेथे 'हिरवी शाळा' असेच म्हणतात. आपली सुट्टी त्या काळात असल्याने महाराष्ट्रातील शिक्षकाला रजा न काढता जाता येते, ही मोठी सोय आहे. आमचे शिबिर व्रोत्सवाफ शहराच्या दक्षिणेला, चेक सीमेजवळच्या डोंगराळ भागात होते. सांगलीत पारा चाळिशीकडे सरकत असताना तेथे सकाळी स्वेटर घालूनच वर्गावर जावे लागे आणि रात्री नऊच्या सुमारासही आकाशात उजेड असे.

खर्चाचे गणित सरळ आहे. राहणे आणि जेवण संस्थेकडे, मानधन नाही, प्रवास स्वतःचा. विमानभाडे, व्हिसा, विमा आणि तेथील रेल्वेप्रवास धरून मला लाखाच्या आसपास खर्च आला. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसाचे शुल्क 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. याखेरीज पोलंडमध्ये 2024 पासून मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या पूर्वचारित्र्याची तपासणी कायद्याने कडक झाली असून, त्यासाठी आपल्याकडील पोलिसांचा दाखला लागतो. ही अट मला मनापासून पटली. माझी तक्रार निमंत्रणपत्राबाबत आहे. संस्थेने ते इतके उशिरा पाठवले की व्हिसाच्या भेटीसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला निघाले, त्याच दिवशी सकाळी ते माझ्या हाती पडले. जाणाऱ्याने कामाचे स्वरूप स्पष्ट लिहिलेले पत्र दोन महिने आधी मागून घ्यावे आणि ते हाती आल्यावाचून विमानाचे तिकीट काढू नये.

आता शिकवण्याकडे वळते, कारण या उपक्रमाची किंमत शेवटी त्यावरच ठरते. पोलंडमधील मुले पहिलीपासून परदेशी भाषा शिकतात आणि आठवीच्या अखेरीस होणाऱ्या परीक्षेत तिचा पेपर सर्वांना सक्तीचा असतो; बहुतेक मुले इंग्रजीच निवडतात. या परीक्षेत ऐकणे, वाचणे आणि लिहिणे तपासले जाते, बोलणे नाही. त्यामुळे व्याकरण पक्के, पण तोंड उघडायला संकोच, अशी माझ्या वर्गातील मुलांची स्थिती होती. ही स्थिती मला इतकी परिचयाची होती की पहिल्या तासाला मला आपल्याच नववीच्या वर्गात उभे असल्यासारखे वाटले.

संस्थेने दिलेल्या वेळापत्रकात मात्र माझ्या वाट्याला मुख्यतः 'आपल्या देशाची ओळख' हाच विषय होता. दर नव्या गटासमोर तीच चित्रे दाखवायची, साडी नेसून यायचे आणि शेवटी मुलांना देवनागरीत त्यांची नावे लिहून द्यायची. पहिल्या दिवशी हे सारे मी आनंदाने केले. पाचव्यांदा तेच करताना मात्र माझ्या लक्षात आले की चाळीस मिनिटे मीच बोलत आहे आणि ज्यांनी बोलावे म्हणून हा सारा खटाटोप चालला आहे, ती मुले गप्प बसून ऐकत आहेत. मी समन्वयक बाईंना भेटून दोन गटांचे तास माझ्या पद्धतीने घेऊ देण्याची विनंती केली. त्यांनी ती लगेच मान्य केली, हे येथे कृतज्ञतेने नोंदवते.

त्या तासांत जे घडले, त्यासाठी मी पुन्हा एवढा प्रवास करीन. पोलिश लिपीत डब्ल्यूचा उच्चार 'व्ह' असा होतो आणि इंग्रजी डब्ल्यूच्या ध्वनीसाठी तिरपी रेघ मारलेला वेगळा 'एल' असतो, त्यामुळे या दोन ध्वनींतील फरक त्या मुलांच्या कानांत उपजतच बसलेला असतो. एका मुलीने मला अदबीने विचारले की 'व्हेरी वेल' म्हणताना मी दोन्ही शब्दांची सुरुवात सारखीच का करते. मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि ती मला, मी तिला, असे आम्ही एकमेकींचे उच्चार दुरुस्त करू लागलो. पोलिशमध्ये ए, अ‍ॅन, द ही उपपदे नाहीत, मराठीतही नाहीत. ती कोठे लावायची हे मलाही शाळेत घोकूनच शिकावे लागले, असे सांगितल्यावर वर्गातील अवघडलेपण बरेच ओसरले. शिक्षकही याच वाटेने आला आहे, हे दिसले की चुकण्याची भीती कमी होते. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला हा अनुभव मुलांपुढे ठेवता येत नाही. आपल्या शिक्षकांचे बळ नेमके येथे आहे.

दुसऱ्या एका तासाला मी त्यांना वळिवड्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या अंतर्भागातून सुटका झालेले सुमारे 5,000 पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले होते. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउटची पथके होती. सांगलीहून कोल्हापूरला जाणारी आमची गाडी आजही वळिवड्यावरून जाते, असे मी सांगितले, तेव्हा वर्गात कुजबूज सुरू झाली. मग प्रश्न आले: ती मुले काय खात होती, त्यांना उन्हाळा सोसला का, ती मराठी शिकली का. तोवर एकही वाक्य न बोललेल्या मुलाने तीन प्रश्न विचारले. काळाची रूपे चुकली, पण मी त्याला अडवले नाही. मिळालेल्या माहितीवरून मुलांनी वळिवड्यातील कल्पित मुलाचे घरी पाठवलेले पत्र इंग्रजीत लिहिले आणि ती पत्रे त्यांच्या शिक्षिका आपल्या शाळेत लावण्यासाठी घेऊन गेल्या.

जेवण शाकाहारी माणसाला पुरते, पण विचारून घ्यावे लागते, कारण वरवर भाज्यांचे दिसणारे सूप अनेकदा मांसाच्या पाण्यात शिजवलेले असते. बटाटा आणि पनीरसारखे ताजे चीज भरून उकडलेले प्येरोगी मला फार आवडले. आकार करंजीचा आणि पारी उकडलेली. सोबत नेलेले सांगलीचे भडंग दुसऱ्याच संध्याकाळी संपले. खोली तिघींत होती आणि स्वच्छ होती. सकाळी साडेआठपासून रात्रीच्या खेळांपर्यंत मुलांबरोबर असावे लागते, त्यामुळे दुपारच्या विश्रांतीचा तास स्वयंसेवकांनी सोडू नये.

परतल्यावर मी संस्थेला दोन सूचना लेखी कळवल्या. येणाऱ्या गटाचे वय आणि इंग्रजीची पातळी स्वयंसेवकाला आधी कळावी, ही पहिली. आणि निम्मे तास तरी प्रत्यक्ष भाषा शिकवण्यासाठी असावेत, ही दुसरी. पहिली सूचना मान्य केल्याचे उत्तर आले आहे. दुसरीबद्दल लेखी होकार मिळाला, तर येत्या मे महिन्यासाठी मी पुन्हा अर्ज करणार आहे आणि या वेळी वळिवड्याच्या छावणीची जुनी छायाचित्रे सोबत नेणार आहे.