वाड्याची तुळई: साग की ऐन?

जुन्या नाशकात वाडा उतरवला की विकणारा प्रत्येक तुळईला सागच म्हणतो. पण ती ऐन या दुसऱ्या झाडाच्या लाकडाचीही असू शकते. काळपट पृष्ठभाग दोन्हींचा सारखाच, म्हणून आधी कोपऱ्यावर रंधा मारा.

वास: सागाच्या ताज्या ढलपीला चामड्यासारखा वास येतो, चोळली की मेणचट लागते. ऐनाला ओळखण्याजोगा वास नाही.

रंग: साग सोनेरी-तपकिरी, ऐन गडद, काळ्या रेघांचा. पण रंग फसवतो.

खरी खूण टोकाला. पटाशीने आडवा काप साफ करून भिंगातून पाहा: सागात मोठी छिद्रं वाढीच्या वर्तुळांच्या कडेने ओळीत, ऐनात विखुरलेली.

वजन: वाळलेला साग घनफुटाला साधारण 18 किलो, ऐन 24च्या आसपास.

दारं-खिडक्यांना सागच घ्या. ऐन हत्यारं बोथट करतो, उन्हात तडकतो. छताखालच्या भारासाठी मात्र ऐन उत्तम, फक्त सागाचा भाव देऊ नका.