आईच्या डोळ्यांचं प्रेशर आणि टिळकवाडीतला दवाखाना

आईला खानापूरहून बेळगावला टिळकवाडीत नुसता चष्म्याचा नंबर काढायला नेलतो, तर मशिनवर डोळ्यांचं प्रेशर उजव्यात २८ आणि डाव्यात २६ निघालं, साधारण १० ते २१ असायला पाहिजे म्हणे. आई म्हणाली, माझं बीपी बरोबर आहे की, मग हे कुठलं प्रेशर?

डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितलं. डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होत असतंय, अश्रू नव्हेत ते, आणि बारीक जाळीतून त्याचा निचरा होतोय. निचरा अडला की दाब वाढतो आणि मागच्या नसेला मार बसतो. नस खराब व्हायला लागली की काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही, आणि आधी कडेचं दिसणं जातंय म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. पण नुसतं प्रेशर जास्त म्हणजे काचबिंदू नव्हे, म्हणून आधी नसेचा स्कॅन, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी (तो जाड असला की आकडा उगीच जास्त दाखवतोय) आणि ठिपके दिसले की बटण दाबायची फील्ड टेस्ट केली. नस चांगली आहे म्हटल्यावर माझ्या जीवात जीव आला.

मग मॅडमनी विचारलं, डोळ्यात काय घालता? आईनं पिशवीतनं बाटली काढली. खाजेसाठी एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले थेंब, वर्षभर चालू होते, आणि त्यात स्टिरॉइड! त्यानंच काहीजणांचं प्रेशर वाढतंय. मला खूप वाईट वाटलं, कारण बाटली मीच आणून द्यायचो.

ते हळूहळू बंद केले, तरी महिन्यानं २५ होतं. आईला दमा आहे हे विचारून घेतलं आणि टिमोलॉल (प्रेशर कमी करायचे थेंब, पण दमेकऱ्यांना चालत नाहीत) टाळून लॅटानोप्रोस्ट हे दुसरे थेंब दिले, रात्री एकच थेंब. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, हे सिस्टरनी आईकडनंच करवून घेतलं. आता १७ आणि १६ आहे.

तक्रार एकच, तीन तास बसावं लागतंय, आणि सूचनांचा कागद कन्नड आणि इंग्लिशमध्ये. आईला दोन्ही वाचता येत नाही. सिस्टरनी मागं पेनानं मराठीत लिहून दिलं, तो कागद आता फ्रिजवर चिकटवलाय. छापूनच ठेवा की हो, आमच्या भागातनं कितीतरी म्हाताऱ्या तिथं येतात.

घरात एकाला असं प्रेशर असलं की बाकीच्यांनीही बघून घ्यावं, असं मॅडम म्हणाल्या, म्हणून पुढच्या खेपेला मामाला आणि मावशीला घेऊन जाणार आहे.