टेबलावरचा फोन आणि कॉम्प्युटर, दोन्हीला एकच हेडसेट: अँप्लिफायरची डबी सहा महिने वापरून

मी पुण्यात एका पतसंस्थेच्या हेड ऑफिसला बसते, ब्रँचेसचे फोन घ्यायचं काम. पासबुक प्रिंटर अडकला, सभासदाची सही जुळत नाही, व्याज चुकलं, सगळं माझ्याच टेबलावर येतं, आणि शिवाय कॉम्प्युटरवर मीटिंगा. दोन वर्षं रिसीव्हर कान आणि खांद्यात दाबून टायपिंग केलं आणि डावी मान पार कामातून गेली. मग हेडसेट आले, पण दोन! एक फोनला, एक कॉम्प्युटरला, दिवसभर एक काढा दुसरा घाला, त्यात केस अडकतात, चष्मा अडकतो, मंगळसूत्र अडकतं, एकदा तर फोनवाला हेडसेट डोक्यावर ठेवून मीटिंगमध्ये पाच मिनिटं बोलत बसले आणि समोरचे सगळे हात हलवतायत.

तर ही डबी घेतली. हेडसेट अँप्लिफायर म्हणतात, तळहाताएवढी असते, पुढे हेडसेट लागतो, मागून एक वायर फोनला आणि एक यूएसबी कॉम्प्युटरला. वर दोन बटणं, एक फोनचं एक कॉम्प्युटरचं, बाजूला म्यूट आणि आवाजाचं चाक. तपकीर गल्लीत सेकंडहँड मिळाली, साडेतीन हजार. कंपनीचं नाव घालत नाही कारण पुढे तक्रारी पण करणारे आणि या सगळ्या डब्या थोड्याफार सारख्याच वागतात. दिवसभर फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही असतील तर घ्याच, पण जोडायला एक अख्खी संध्याकाळ हाताशी ठेवा.

दुकानदार म्हणाला, "ताई, कुठल्याही फोनला चालेल, नुसतं लावा." नुसतं लावलं. समोरून "हॅलो? हॅलो?" मला त्यांचं सगळं ऐकू येतंय, माझं त्यांना काहीच नाही. हेडसेट प्लँट्रॉनिक्सचा आहे, १९६९ साली आर्मस्ट्राँग चंद्रावरून बोलला तो पण याच कंपनीच्या हेडसेटमधून, आणि माझा आवाज कोथरूडहून सिंहगड रोडला पोचेना.

झालं होतं असं की रिसीव्हरच्या त्या स्प्रिंगवाल्या वायरीत चार तारा असतात, दोन ऐकायच्या दोन बोलायच्या, पण त्यांचा क्रम प्रत्येक फोन कंपनीने आपापल्या मनाने लावलाय. प्लग दिसायला सगळीकडे सारखाच. म्हणून डबीच्या खाली एक छोटा सरकता खटका असतो, माझ्या डबीला १ ते ४ नंबर आहेत, तो सरकवत एकेक नंबर बघायचा. समोर खरा माणूस लागतो, मी शेजारच्या केबिनमधल्या दादांना मोबाइलवरून आमच्याच लाइनला फोन लावायला सांगितला. १ वर आवाज नाही, २ वर नुसती घूं, ३ वर एकदम स्वच्छ, ४ वर विहिरीतून बोलल्यासारखं. यानंतर आणखी एक बारीक चाक असतं माझा आवाज किती जोरात जावा याचं, ते दादा "आता बास" म्हणेपर्यंत फिरवायचं. हेडसेटच्या माइकला चालायला थोडी वीज लागते आणि त्याचा आवाज फोनला हवा तेवढा करून द्यावा लागतो, ते सगळं ही डबी करते. म्हणून हेडसेट सरळ रिसीव्हरच्या जागी खुपसून चालेलच असं नाही.

हेडसेट वेगळा घेणार असाल तर वायरीच्या मधला, हेडसेट सोडवायचा क्लिप बघून घ्या, सगळे त्याला क्यूडी (क्विक डिस्कनेक्ट) म्हणतात. प्लँट्रॉनिक्सचा क्यूडी आणि जाब्रा कंपनीचा क्यूडी एकमेकांत बसत नाहीत, जोर करू नका. आणि प्लँट्रॉनिक्स शोधताना पॉली नाव दिसलं तर गोंधळू नका, नाव बदललं आणि २०२२ पासून ती एचपीकडे आहे.

आता तक्रारी. पहिली म्हणजे फोन उचलणं. डबी रिसीव्हरच्या जागी लागते, त्यामुळे कॉल आला की रिसीव्हर हाताने उचलून बाजूला ठेवायचाच, त्याशिवाय लाइन सुरू होत नाही. मी तो डायरीवर ठेवते. कॉल संपला की परत जागेवर ठेवायचा, आणि इथेच माती खाल्ली मी. पहिल्या आठवड्यात एकदा जेवायला गेले, रिसीव्हर तसाच डायरीवर. पाऊण तास लाइन एंगेज. एका ब्रँचच्या मॅनेजर काकांनी शेवटी साहेबांच्या मोबाइलवर फोन करून विचारलं की मॅडम कोणाशी एवढं बोलतायत. तुमच्या फोनवर हेडसेटचं वेगळं बटण आणि मागे वेगळं भोक असेल तर ही कटकटच नाही, मग बऱ्याचदा डबी पण लागत नाही, आधी फोन उलटा करून बघा.

दुसरी, घूं आवाज. फक्त दुपारी यायचा आणि मी उगाच डबीवर चिडत होते. मग लक्षात आलं की दुपारी लॅपटॉपची बॅटरी उतरते आणि मी चार्जर लावते. चार्जर काढला की घूं बंद, लावला की चालू. दोन पिनांचा चार्जर होता, अर्थिंगच नाही, ती गडबड यूएसबीतून डबीत आणि डबीतून फोनच्या लाइनवर. तीन पिनांचा आणला, संपलं. तो प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा म्हणजे झालं, आमच्या ऑफिसात असे दोनच आहेत.

तिसरी, माझी डबी कॉम्प्युटरच्या विजेवर चालते. कॉम्प्युटर बंद तर हेडसेट फोनवर पण मुका. रिसीव्हर तेवढा चालतो.

आवाजाबद्दल लोक फार विचारतात म्हणून सांगते. कॉम्प्युटरवर आवाज भरलेला, खणखणीत, आणि तेवढ्यात फोनचं बटण दाबलं की तोच हेडसेट एकदम डबा वाटतो. हेडसेट बिघडलेला नसतो, साध्या फोनलाइनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. नुसत्या फोनसाठी दहा हजारांचा हेडसेट घेऊ नका, एका कानाचा साधा पुरे, दुसरा कान ऑफिससाठी मोकळा राहतो.

गंमत म्हणजे मी मीटिंगमध्ये ओरडते असं सगळे म्हणायला लागले, फोनवर नाही, फक्त मीटिंगमध्ये. फोनमध्ये आपलाच आवाज आपल्या कानात हळू ऐकू येतो, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, त्याला साइडटोन म्हणतात. माझ्या डबीवर कॉम्प्युटरचं बटण दाबलं की तो जातो आणि माणूस बहिऱ्यासारखा आवाज चढवतो. आता मी मीटिंगमध्ये इअरकप थोडा मागे सरकवून बसते.

आणि म्यूट दोन असतात हे विसरू नका, एक डबीवर एक स्क्रीनवर. डबीवरचं दाबलं असेल तर स्क्रीनवर तुम्ही चालूच दिसता आणि मग सगळ्यांची "मॅडम, ऐकू येत नाही" ची आरती सुरू. माझं ठरलंय, मीटिंगला स्क्रीनवरचं, फोनला डबीवरचं, मध्ये लुडबूड नाही.

मान बरी आहे. पूर्ण नाही, पण संध्याकाळी गाडी मागे घेताना वळते. मीटिंग चालू असताना ब्रँचचा फोन आला तर एक बटण दाबून बोलून परत यायचं, केसांना हात लागत नाही, हे सुख मला साडेतीन हजारांच्या वर वाटतं.

परवा सोमवारी सकाळी परत तेच, "हॅलो? हॅलो?" वायरी काढल्या, घातल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, अर्धा तास गेला. शेवटी डबी उलटी केली तर खटका १ वर. शनिवारी मावशींनी टेबल पुसताना डबीखालून पण फडकं मारलं होतं, त्यांची काय चूक, मीच सांगते नीट पुसा म्हणून. आता ३ वर मार्करने खूण केलीय आणि वरून सेलोटेप.