उषा स्कूल ऑफ अ‍ॅथलेटिक्स, पोरीला पाठवावं का?

आमच्या लहानपणी एखादी पोरगी जरा जोरात पळाली की कुणीतरी म्हणायचंच, "काय गं, पी.टी. उषा समजतेस का स्वतःला". आता माझीच मुलगी ११ वर्षांची आहे, तिला हर्डल्सचं, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीचं, वेड लागलंय, आणि इथल्या ज्या क्लासला घातलं होतं तिथे वर्षभर विटांवर आडवी ठेवलेली काठी हेच हर्डल. म्हणून उषा मॅडमच्या कोझिकोडजवळच्या स्कूलची सगळी माहिती काढत बसलोय. मुलीला अजून पाठवलेलं नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू तिथल्या रिझल्टवरून आहे, हे आधीच सांगतो.

मुळात हे स्कूल का निघालं ते कळायला १९८४ बघावं लागतं. लॉस एंजेलिस, बायकांची ४०० मीटर हर्डल्स ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच, आणि आपली उषा चौथी, वेळ ५५.४२, तिसरीची ५५.४१. सेकंदाचा शंभरावा भाग! शेवटच्या रेषेवर छाती पुढे टाकायची राहिली असं म्हणतात, आणि खायला तिथे भाताची पेज आणि लोणचं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. मला अजूनही वाचताना घशाशी येतं. पुढे १९८५ ला जकार्तात एशियन चॅम्पियनशिपला ५ गोल्ड, १९८६ ला सोलच्या एशियन गेम्सला ४, पण ते ब्राँझ हुकलं ते हुकलंच.

तर मुलींना लहानपणीच निवडायचं, होस्टेलवर ठेवायचं, खाणंपिणं आणि ट्रेनिंग एकाच छताखाली, ही आयडिया तिथूनच आलेली असणार असं मला वाटतं. २००२ ला सुरू झालं आणि सिंथेटिक (मातीचा नाही, रबरासारखा) ट्रॅक यायला २०१७ उजाडलं, म्हणजे सुरुवातीच्या बॅचमधल्या टिंटू लुकाने २०१० मध्ये ८०० मीटरला १:५९.१७ चा नॅशनल रेकॉर्ड केला तेव्हा स्कूलकडे स्वतःचा तो ट्रॅक नव्हताच, आणि २०१४ च्या एशियन गेम्सचं सिल्व्हरसुद्धा त्याआधीचंच, याला मी पैकीच्या पैकी मार्क देतो. नंतर याच स्कूलची जिस्ना मॅथ्यू ४०० मीटरला आली.

आता खटकणारं. टिंटू पहिला लॅप फार फास्ट काढायची आणि शेवटी दमायची, दिल्लीच्या कॉमनवेल्थला तसंच झालं, मेडल गेलं, आणि कोच म्हणून मॅडमनी हे आधीच बदलायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं म्हणजे स्कूल हर्डलरचं, पण मोठी नावं ४०० आणि ८०० ची. ५५.४२ ची बरोबरी व्हायला ३९ वर्षं गेली, २०२३ ला हांगझोऊमध्ये विथ्या रामराजने केली, आणि ती या स्कूलची नाही. शिवाय २०२२ पासून मॅडम राज्यसभेत आणि इंडियन ऑलिम्पिक असोसिएशनच्या अध्यक्षपदी, मग रोज ट्रॅकवर किती वेळ मिळणार?

तरी पाचपैकी चार स्टार, आणि हर्डल्स सोडून नुसतं धावण्यासाठी पाठवायचं तर डोळे झाकून साडेचार. पोरगी बॅग भरून तयारच आहे. बायको म्हणते अकरा वर्षांची पोर, मल्याळमचा एक शब्द येत नाही, आजारी पडली तर सांगणार कुणाला. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिथे मुलगी ठेवलेल्या कुणा मराठी पालकांनी हे वाचलं तर प्लीज लिहा.