ऊस यार्डासाठी वॉकीटॉकी: हातात, खांद्यावर की कानात?

साखर कारखान्याच्या पुढच्या हंगामासाठी वॉकीटॉकी घेण्याचे ठरले की चर्चा बहुधा सेट किती वॅटचा, चॅनेल किती आणि बॅटरी किती तास चालते याभोवती फिरते. ही माहिती विक्रेत्याच्या पत्रकात असतेच, म्हणून मी तीत शिरत नाही. यार्डात पाळ्या करताना मला सतावणारा प्रश्न वेगळा होता. सेट कोणताही घेतला तरी तो माणसाच्या अंगावर नेमका कसा राहणार, हातात धरून तोंडाजवळ न्यायचा, पट्ट्याला अडकवून खांद्यावरच्या माइकमधून बोलायचे, की कानात ईअरपीस घालून कॉलरजवळचे बटण दाबायचे, हा तो प्रश्न. तिन्ही प्रकार मी स्वतः वापरले आहेत. माझा अनुभव कोल्हापूर भागातल्या एका यार्डापुरता आहे, त्यामुळे निवासी संकुलाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी त्यातले आपल्या कामाचे तेवढे घ्यावे.

यार्डातली गरज तशी साधी असते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वजनकाट्यावरून उतरून गव्हाणीकडे, म्हणजे ऊस गिरण्यांकडे नेणाऱ्या पट्ट्याकडे, वळत असतो, मागे बैलगाड्यांची रांग असते, वर अनलोडर क्रेनचा पंजा उसाची मोळी उचलत असतो आणि ट्रॉलीच्या साखळ्या सोडणारा माणूस दोन चाकांच्या मध्ये वाकलेला असतो. गेट, काटा, यार्ड, गव्हाण आणि क्रेन या पाच ठिकाणच्या माणसांमध्ये रात्रभरात शेकडो वेळा बोलणे होते, पण त्यातला खऱ्या मोलाचा शब्द एकच असतो, ‘थांबव’. तो शब्द पोचायला किती वेळ लागतो आणि तो पोचतो की नाही, याच मापाने मी तिन्ही प्रकारांकडे पाहत आलो आहे.

नुसता हातातला सेट सर्वांत कमी कटकटीचा आहे, हे आधी मान्य करतो. वायर नाही, पिन नाही, आणि अँटेना अंगापासून मोकळी उभी राहत असल्यामुळे आवाज लांबवर जातो. कंपन्यांच्या पुस्तिकांत तो धरण्याची रीत साधारण सारखीच दिलेली असते: सेट उभा धरावा, ओठांपासून अडीच ते पाच सेंटिमीटर लांब ठेवावा, अँटेना डोळ्यांपासून दूर राहील असे पाहावे, आणि एकूण वेळेच्या निम्म्याहून अधिक काळ बटण दाबून बोलू नये. यामागचे कारण लहरींमुळे ऊतकांत निर्माण होणारी उष्णता हे आहे. डोळ्यात रक्ताभिसरण कमी असल्यामुळे तिथली उष्णता सहजी वाहून जात नाही, म्हणून डोळ्याचा उल्लेख आवर्जून होतो. ऐकण्याच्या वेळी सेट लहरी सोडत नाही, त्यामुळे थोडक्यात बोलून बटण सोडणाऱ्याला या नियमांचा जाच वाटू नये.

अडचण येते ती मोबाइलच्या सवयीमुळे. आमच्याकडे नवीन माणसाच्या हातात सेट दिला की तो बोलताना तोंडासमोर धरतो, पण उत्तर ऐकायला हमखास कानाला लावतो आणि पुढचे वाक्य तिथूनच, म्हणजे अँटेना कानशिलाला टेकलेली असताना, बटण दाबून बोलतो. शिवाय आवाज यार्डाच्या गोंगाटाला पुरेल इतका वाढवलेला असल्यामुळे गव्हाणीवरचा माणूस ओरडला की याच्या कानठळ्या बसतात. दुसरी खोड म्हणजे सेट अँटेनेला धरून कंदिलासारखा झुलवत नेणे. त्याने अँटेनेवरचे रबर मुळाशी चिरते, आतला धातू उघडा पडतो आणि बोलताना तो कातडीला लागला तर लहानसा चटका बसू शकतो. चिरलेल्या अँटेनेचा सेट दुरुस्त होईपर्यंत कपाटात ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून पाळी काढण्याचा मोह मला स्वतःला झालेला आहे, म्हणून हे सांगतो. या दोन्ही खोडी शिकवून जातात. हात अडकतो ही गोष्ट मात्र शिकवून जात नाही. क्रेनच्या लोखंडी शिडीवर चढणाऱ्याचे दोन पाय आणि किमान एक हात सतत शिडीवर असायला हवा, आणि त्याच वेळी सेट वाजला की तो माणूस उत्तर द्यायला उरलेला हातही सोडून बसतो.

खांद्यावरच्या माइकने ही अडचण बरीच सुटते. सेट कमरेला राहतो, मळसूत्रासारखी वायर वर येते आणि मूठभर आकाराचा माइक कॉलरच्या खाली, छातीच्या वरच्या बाजूला अडकतो. बोलायचे तेव्हा मान किंचित वळवून बटण दाबायचे आणि लगेच हात मोकळा करायचा. त्यातलाच स्पीकर कानाच्या खाली वीतभर अंतरावर बोलत असल्यामुळे आवाज फार मोठा ठेवावा लागत नाही, आणि दोन्ही कान उघडे राहिल्यामुळे पाठीमागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्नही ऐकू येतो.

याचे तोटे मी लपवणार नाही. सेट कमरेला गेला की अँटेना शरीराला खेटते, शरीर लहरी शोषते आणि पल्ला जाणवण्याइतका कमी होतो. हातात धरलेल्या सेटवरून गेटपर्यंत स्वच्छ जाणारा आवाज कमरेवरून काट्यापाशीच खरखरू लागल्याचे मी अनुभवले आहे. सेट कोणत्या बाजूला लावला आणि माणूस कुणीकडे तोंड करून उभा आहे, यानेही फरक पडतो. शिवाय आता अँटेना डोळ्यांऐवजी कमरेजवळ आली असल्यामुळे कंपनीने दिलेली क्लिप किंवा पिशवीच वापरावी. तिची जाडी अँटेना आणि अंग यांत ठरावीक अंतर राहील अशी बेतलेली असते, आणि सेट नुसता पँटच्या खिशात कोंबला की ते अंतर संपते. माइकच्याच डोक्यावर आखूड अँटेना असलेले नमुनेही मिळतात. त्यांचा पल्ला सुधारतो खरा, पण अँटेना थेट जबड्याशेजारी येते, त्यामुळे ते मी विचारात घेतले नाहीत. वायरीबद्दलही सावध राहायला हवे. ती ट्रॉलीच्या आकड्यात अडकू शकते, म्हणून आम्ही ती शर्टाच्या आतून घेतो आणि फिरत्या पट्ट्यांजवळ काम करणाऱ्याला माइक देतच नाही.

ईअरपीस मी मोठ्या अपेक्षेने घेतली होती. पहिल्या आठवड्यात तिने मला पूर्ण जिंकले, कारण आवाज थेट कानात येतो, आजूबाजूच्या शेतकऱ्यांना आपले बोलणे ऐकू जात नाही, आणि सेटची बडबड थांबल्यामुळे यार्डही जरा शांत वाटते. वजन जवळजवळ नाहीच. किंमतही सहसा माइकपेक्षा कमी पडते.

मग थंडी सुरू झाली. डिसेंबर-जानेवारीत रात्री दोनच्या सुमाराला यार्डात कुणीही कानटोपी किंवा मफलर घेतल्यावाचून उभा राहत नाही, आणि कानातल्या प्लॅस्टिकच्या बोंडावर लोकरीची टोपी ओढली की अर्ध्या तासात कान ठणकू लागतो. माणूस मग काय करतो, तर बोंड काढून खांद्यावर सोडून देतो आणि कानटोपी नीट ओढून घेतो. इथे एक बारीक गोष्ट आहे, जी खरेदीच्या वेळी मला कुणी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. ईअरपीसची पिन सेटमध्ये असेपर्यंत सेटचा स्वतःचा स्पीकर बंद असतो. म्हणजे बोंड कानातून निघाले की सेट मुका झाला. हिरवा दिवा लागतो, बॅटरी भरलेली असते, चॅनेल बरोबर असतो, आणि खांद्यावर लोंबणाऱ्या त्या चिमुकल्या बोंडातून ‘गव्हाण, यार्ड बोलतोय, गव्हाण, यार्ड’ असे कुजबुजल्यासारखे येत राहते, जे इंजिनाच्या घरघरीत त्या माणसाला स्वतःलाही ऐकू जात नाही.

अशाच एका रात्री मी काट्याच्या बाजूने पाहत होतो. मागची ट्रॉली तिरकी होऊन बैलगाड्यांच्या रांगेकडे सरकत होती, मी चार वेळा ‘थांबव’ म्हणालो, आणि ज्याने ट्रॅक्टरवाल्याला हात करायचा तो माझ्याकडे पाठ करून बिडी शिलगावत होता. अखेर एका गाडीवानाच्या आरोळीने ट्रॅक्टर थांबला. इजा कुणालाही झाली नाही, एका गाडीची दांडी तेवढी घासली गेली. त्या माणसाची चूक म्हणावी तर कानटोपी घालणे ही काही चूक नव्हे. पुढच्या पंधरवड्यात मी मुद्दाम लक्ष ठेवले, तेव्हा रात्रपाळीच्या कोणत्याही फेरीत पाचांपैकी निदान दोघांचे बोंड खांद्यावर दिसायचे. उन्हाळ्याकडे हंगाम सरकला की थंडीची जागा घामाने घेतली आणि तेच बोंड निसटून बाहेर येऊ लागले. खांद्यावरचा माइक कुणाला आवडो वा न आवडो, तो अंगावर आहे तोवर मोठ्याने बोलतो. मला वाटते, माझा कौल तिथेच झुकला.

निष्पक्षपातीपणाने सांगायचे तर ईअरपीसच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद आहे, तो म्हणजे मिल हाऊस, जिथे गिरण्या ऊस गाळतात. तिथला गोंगाट इतका असतो की खांद्यावरचा स्पीकर कितीही वाढवला तरी निरुपयोगी ठरतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, आणि गिरण्यांजवळ कानांना संरक्षण लागते हे तिथे काम केलेल्या कुणालाही वेगळे सांगावे लागणार नाही. पण तिथेही साधी ईअरपीस बरोबर नाही, कारण गोंगाटावर मात करण्यासाठी माणूस आवाज वाढवत नेतो आणि उघड्या कानाला एकीकडून यंत्रे व दुसरीकडून सेट असा दुहेरी मार बसतो. दोन्ही कान झाकणारा, संरक्षक कपांचा हेडसेट हेच तिथले साधन आहे. तो महाग असतो, पण तो लागणारी माणसे दोन-तीनच असतात.

मद्यार्क तयार करणाऱ्या डिस्टिलरीच्या बाबतीत मात्र आवडीनिवडीला जागा नाही. शुद्ध इथेनॉलची वाफ सुमारे 13 अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते आणि हवेत तिचे प्रमाण साधारण 3.3 टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. टाक्या आणि भरणीच्या जागी स्फोटजन्य वातावरणासाठी प्रमाणित केलेला सेटच चालतो, ज्याची मंजुरी आपल्याकडे नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना देते. पुष्कळांच्या लक्षात येत नाही ते असे की, ही मान्यता सेट, बॅटरी आणि जोडलेला माइक या सर्वांची मिळून असते. प्रमाणित सेटला बाजारातला साधा माइक जोडला किंवा दुसऱ्या सेटची बॅटरी बसवली की त्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. बॅटरी बदलणे आणि चार्जिंग करणे ही कामेही त्या हद्दीच्या बाहेरच व्हायला हवीत. यार्डातले सेट डिस्टिलरीच्या फाटकावर ठेवून आत जाण्याची शिस्त आम्ही लावली आहे, आणि ती रोज कुणाला तरी जाचक वाटते.

खांद्यावरच्या माइककडे वळणाऱ्यांसाठी अनुभवाच्या दोन-चार गोष्टी. माइकवरचे बटण नकळत दाबले जाण्याचा त्रास त्यालाही आहे. बाकावर रेलून बसलेल्या माणसाच्या वजनाने ते दबले की सगळा चॅनेल अडून बसतो आणि पाळीभर त्याचे घोरणे ऐकावे लागते. विक्रेत्याकडून सेटमध्ये सलग बोलण्याची मर्यादा 60 सेकंदांची लावून घेतली की तेवढ्या वेळाने सेट आपोआप गप्प होतो. पिन ज्या खोबणीत बसते तिथे बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, धूळ साचते आणि संपर्क सुटून खरखर सुरू होते, म्हणून स्क्रूने घट्ट बसणारी पिन घ्यावी आणि आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने खोबण झाडावी. सुटी बॅटरी किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकू नये, कारण धातूने तिची टोके जोडली गेली की ती तापते. फुगलेली बॅटरी दाबून बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

पल्ल्याची तूट भरून काढायला अधिक वॅटचा सेट घ्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तिथे परवान्याचा प्रश्न येतो. आपल्याकडे विनापरवाना वापरासाठी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा पट्टा अर्ध्या वॅटपर्यंत खुला आहे. चार-पाच वॅटच्या सेटला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. ऑनलाइन दुकानांत ही माहिती न देता विक्री चालत असे, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये त्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वेही काढली. आमच्या मोकळ्या यार्डात अर्ध्या वॅटचा सेट कमरेवरून गव्हाणीपर्यंत पुरतो आणि गेटला पुरत नाही. त्यामुळे गेटशी बोलायचे असेल तर आमची माणसे सेट पट्ट्यावरून काढून छातीच्या उंचीवर धरतात आणि बोलतात माइकमधूनच. दिसायला ते जरा विचित्र दिसते, पण अँटेना मोकळी होते आणि चेहऱ्यापासून लांबही राहते.

यंदाच्या मागणीपत्रात मी यार्ड, गव्हाण, काटा आणि क्रेन यांच्यासाठी खांद्यावरचे माइक लिहिले आहेत, गेटवरच्या खोलीत नुसता सेट पुरेसा आहे, आणि मिल हाऊससाठी दोन हेडसेट. दुसऱ्या कुणाचा यार्ड लहान असेल, पाळी फक्त दिवसाची असेल, तर त्याला ईअरपीसही पटू शकेल. आमच्या जुन्या ईअरपीस टाइम ऑफिसच्या खणात आहेत. वार्षिक सभेच्या दिवशी मंडपाच्या दारांवर उभ्या राहणाऱ्या रखवालदारांना त्या देतो. तिथे कानटोपी कुणी घालत नाही आणि अध्यक्षांच्या भाषणात सेट वाजूनही चालत नाही.