रिप अपग्रेड करायचं की जुनंच चालवायचं? दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघूया

डेमोमध्ये रिपचं, म्हणजे बॅनर-स्टिकर छापणाऱ्या मशीनला फाईल देणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नवीन व्हर्जन नेहमीच भारी दिसतं, कारण डेमोची फाईल त्यांची, मीडिया (ज्यावर छापायचं ते) त्यांचा आणि प्रोफाइल पण त्यांनीच घासूनपुसून आणलेलं. आपल्याकडे आल्यावर तेच सॉफ्टवेअर आपल्या फाईली, आपला व्हिनाइल आणि आपला दमलेला पीसी यांच्यासोबत संसार करणार असतं. त्यामुळे फीचरची यादी बाजूला ठेवा. माझं मत आधीच सांगून टाकतो, अपग्रेडचा खरा खर्च लायसन्सचा नसतो, प्रोफाइलं, म्हणजे प्रत्येक मीडियासाठी बसवलेली रंगाची सेटिंग, परत बनवण्याचा असतो, आणि कोटेशनमध्ये ती ओळ कुठेच नसते.

ज्यांना रिप म्हणजे 'ते प्रिंट दाबायचं सॉफ्टवेअर' एवढंच माहितीय त्यांच्यासाठी पटकन: डिझायनरची पीडीएफ घेऊन प्रत्येक शाईचा थेंब कुठे आणि किती मोठा पडायचा ते ठरवून मशीनला पाठवायचं, हे रिपचं काम. ऑनिक्स, कॅल्डेरा, फ्लेक्सी, वासाच ही वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं चालवणारी, आणि रोलँडचं व्हर्सावर्क्स, मिमाकीचं रास्टरलिंक ही मशीनसोबत येणारी आणि फक्त आपापल्या घरचीच मशीनं चालवणारी.

फाईली

इथे जुनं आणि नवं यात खरोखर जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, अर्थात तुमचं जुनं किती जुनं आहे त्यावर. आधीची रिप पोस्टस्क्रिप्ट या जुन्या छपाईच्या भाषेच्या पद्धतीने चालायची आणि पोस्टस्क्रिप्टला ट्रान्सपरन्सी (आरपार दिसणं) कळतच नाही, म्हणून सावली, ग्लो, फेदर असं काही आलं की ते आधी फ्लॅटन करून, म्हणजे तुकडे पाडून घ्यावं लागायचं. ॲडोबीचं पीडीएफ प्रिंट इंजिन २००६ मध्ये आलं तेव्हापासून ट्रान्सपरन्सी जिवंत ठेवून थेट रिप करता येऊ लागली, आणि २००८ मध्ये आलेलं पीडीएफ/एक्स-४ हे स्टँडर्डही त्याच विचाराने बनलंय.

हे पुस्तकी वाटतं ना, पण काऊंटरवर ते असं दिसतं. लोगो स्पॉट कलरमध्ये (म्हणजे नावाने ठरवलेल्या एकाच रंगात), मागे सॉफ्ट सावली, स्क्रीनवर एकदम ओके. प्रिंटमध्ये मात्र सावलीभोवती फिकट चौकोन, जणू कोणी लोगोखाली स्टिकर चिकटवलाय. कारण एवढंच की सावलीखालचा भाग फ्लॅटन होताना सीएमवायके (छपाईच्या चार रंगांचा) झाला, बाकीचा स्पॉटच राहिला, आणि रिपने दोघांना दोन वेगळ्या रस्त्यांनी रंग दिला. आम्ही वर्षभर अशा फाईली फोटोशॉपमध्ये उघडून टिफ करून टाकायचो, काम भागायचं, पण बारीक अक्षरांची कड मऊ व्हायची आणि ऑपरेटरचा अर्धा दिवस त्यातच जायचा.

दुसरा प्रकार म्हणजे साइझ. पीडीएफच्या पानाची जुनी मर्यादा २०० इंच, त्यापुढे जायला पीडीएफ १.६ मध्ये 'युझरयुनिट' नावाची सोय आली, म्हणजे फाईलमध्ये लिहिलेलं असतं की हे माप इतक्या पटीने मोठं धरा. जुन्या रिपला ती ओळ वाचताच येत नसेल तर ४० फुटी बॅनर ४ फुटाचा होऊन समोर येतो. स्केल १०००% टाकून वेळ मारून नेता येते, पण रात्रपाळीच्या पोराला ते आठवलं पाहिजे.

तर आठवड्यात अशा किती फाईली हाताने दुरुस्त करता ते मोजा. एखाददुसरी असेल तर जुनंच चालू द्या. रोज असतील तर पुढचं वाचायच्या आधीच उत्तर अर्धं मिळालं.

स्पीड

सेल्सवाले यावर सगळ्यात जास्त बोलतात आणि मला यात सगळ्यात कमी रस आहे. हिशोब बघा, १० बाय ८ फुटाचं प्रिंट ३६० डीपीआयला म्हणजे ४३,२०० गुणिले ३४,५६०, साधारण १४९ कोटी पिक्सेल, चार रंगांचे मिळून जवळपास ६ जीबी. ७२० ला तेच २४ जीबी. ३२-बिट प्रोग्रामला ४ जीबीच्या वर मेमरी वापरताच येत नाही, म्हणून जुनं रिप तुकड्या-तुकड्याने काम करतं आणि सारखं डिस्कवर लिहीत बसतं. नवीन ६४-बिट रिप सगळे कोअर वापरतं, रॅम वापरतं, फरक डोळ्याला दिसतो.

पण मशीन एकच असेल आणि पहिला जॉब प्रिंट होईपर्यंत दुसरा रिप होऊन तयार असेल, तर रिप दुप्पट फास्ट करून काय मिळणार? हेडची गाडी तेवढ्याच वेगाने इकडून तिकडे जाणार, ८ पासचं (एका पट्ट्यावरून ८ फेऱ्यांचं) काम ८ पासच घेणार. मशीन रिपची वाट बघत उभं राहत असेल तरच स्पीडसाठी पैसे घाला. आणि त्यातही आधी साधी हार्डडिस्क काढून एसएसडी लावून बघा, बऱ्याच वेळा तेवढ्यातच भागतं.

पीसी आणि डोंगल

यात कोणाला काही आवडायचा प्रश्नच नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची चिप) आणि त्यातल्या त्यात नवीन प्रोसेसर लागतो, म्हणजे रिपचा जुना पीसी बऱ्याच ठिकाणी तसाही जाणार आहे. आणि जुन्या रिपचं डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) नवीन विंडोजवर ओळखलं जाईलच याची खात्री नाही. मॅकवाल्यांना हा धक्का २०१९ लाच बसला, कॅटालिनाने ३२-बिट ॲप चालवणंच बंद केलं.

जुनं चालवायचंच असेल तर तो पीसी नेटवरून काढा, फाईली शेअर्ड फोल्डरने किंवा पेनड्राइव्हने द्या, आणि आजच्या आज डिस्कची पूर्ण इमेज काढून ठेवा. हे फुकट आहे आणि कोणी करत नाही. नवीन घेणार असाल तर उलटी काळजी घ्या, तुमचं मशीन नवीन व्हर्जनच्या सपोर्टेड लिस्टमध्ये आहे का ते मॉडेल नंबरासकट बघा. "चालेल हो" या तोंडी उत्तरावर जाऊ नका, जुनी मशीनं यादीतून गुपचूप गळतात.

रंग

आता मेन मुद्दा. प्रोफाइल प्रोफाइल म्हणतो ते एकट्या आयसीसी फाईलपुरतं (फाईलमधला रंग मशीनच्या शाईत बदलून देणाऱ्या फाईलपुरतं) नसतं. आधी प्रत्येक शाईची मर्यादा ठरते, मग लिनियरायझेशन, म्हणजे ५०% मागितलं की कागदावर खरंच मधोमध दिसलं पाहिजे, मग एकूण शाई किती (चार रंग पूर्ण टाकले तर ४०० टक्के, तेवढी कुठलाच व्हिनाइल पित नाही, ओघळते), आणि या सगळ्याच्या डोक्यावर आयसीसी बसतं. कंपनी बदलली तर खालचं सगळं जुन्या घरी राहतं आणि बरोबर येते फक्त आयसीसी. ती दुसऱ्या पायावर ठेवली तर दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावल्यासारखं, दिसतं सगळं पण नीट काहीच नाही.

त्याच कंपनीचं पुढचं व्हर्जन घेतलं तर जुन्या मीडिया सेटिंग बहुतेक इम्पोर्ट होतात आणि इथेच लोक फसतात. मी पण फसलो. चार पॅनलचं काम होतं, जुन्या व्हर्जनवर मारलेलं, मागे सपाट राखाडी. दोन महिन्यांनी एक पॅनल फाटलं म्हणून गिऱ्हाईकाने तेवढंच परत मागितलं, मधल्या काळात आम्ही अपग्रेड केलेलं, सेटिंग इम्पोर्ट झाल्या होत्या म्हणून मी निर्धास्त. तेच मशीन, तीच शाई, तोच मीडिया, तीच फाईल. पॅनल लावलं आणि खालूनच दिसलं की तिसरं हिरवट मारतंय. सुटं बघितलं असतं तर कोणाला कळलंही नसतं, पण शेजारी तीन जुनी उभी होती. शेवटी चारही नवीन मारून दिली आणि त्याचे पैसे मागायची हिंमत काही झाली नाही. नंतर कळलं की नवीन व्हर्जनमध्ये ठिपके टाकायची पद्धत वेगळी होती, आणि रेंडरिंग इंटेंट (न छापता येणारे रंग कसे बसवायचे ती सेटिंग) डिफॉल्टला परसेप्च्युअल होतं, आमचं आधी रिलेटिव्ह होतं. राखाडी सगळ्यात आधी चुगली करतो, लाल-पिवळा बरंच पचवून घेतो.

तेव्हा वेळेचा हिशोब असा मांडा. १२ मीडिया आणि प्रत्येकाचे प्रिंटचे ३ मोड म्हटले की ३६ प्रोफाइलं. एकेकाला लिमिटचा चार्ट, वाळवणं, लिनियरायझेशनचा चार्ट, परत वाळवणं, मग प्रोफाइलचा चार्ट (आयटी८.७/४ घेतला तर १,६१७ चौकोन), मग ते रंग मोजायच्या मीटरने ओळीने वाचायचं. रोजचं काम सांभाळून दिवसाला तीन झाले तरी खूप, म्हणजे १२ दिवस. मीटर स्वतःचा नसेल तर माणूस बोलवावा लागेल, तो खर्च वेगळा.

पण याची दुसरी बाजूही आहे बरं का. तुमची आत्ताची प्रोफाइलं कुठूनतरी डाऊनलोड केलेली असतील, शाई मधेच बदललेली असेल, आणि प्रत्येक जॉबला ऑपरेटर अंदाजाने मॅजेंटा कमी-जास्त करत असेल, तर तुमच्याकडे जपण्यासारखं काही नाहीच आहे, नवीन घ्या आणि पहिल्यापासून नीट करा. उलट ज्याने वर्षानुवर्षं मीडिया बसवून घेतलेत, ज्याची रिपीट ऑर्डर तीच शेड मागते, त्याने दहा वेळा विचार करावा.

विकत, भाड्याने की मशीनसोबतचं

सबस्क्रिप्शनमध्ये सुरुवातीला कमी जातात आणि अपडेट येत राहतात, पण हप्ता चुकला की मशीन चांगलं असून प्रिंट बंद. कायमचं लायसन्स घेतलं तर ते तुमच्याकडे राहतं, फक्त मेंटेनन्स सोडला तर पुढे अपग्रेडच्या भावात मिळेल का नवीन गिऱ्हाईकासारखं पूर्ण द्यावं लागेल ते आधी लिहून घ्या. मशीनसोबतचं रिप मात्र लोक उगाच हिणवतात. एकाच कंपनीची मशीनं असतील, नेस्टिंग (जॉब जागा वाचवून मांडणं), टाइलिंग (मोठ्या प्रिंटचे पॅनल पाडणं), कंटूर कट (आकारानुसार कापणं) एवढंच लागत असेल तर त्याचंच ताजं व्हर्जन टाका आणि गप्प काम करा. दोन कंपन्यांची मशीनं असतील आणि एकच जॉब दोन्हीकडे वाटून मारायचा असेल तेव्हा एक कॉमन रिप हवंच, नाहीतर दोन ऑपरेटर दोन भाषा बोलतात.

घ्यायचं ठरलंच तर ट्रायल मागा आणि आपल्याच पाच फाईली द्या: तो सावलीवाला लोगो, एक २०० इंचाच्या वरची, एक सपाट राखाडी, एक स्किन टोनचा मोठा फोटो, आणि एक कट लाइन असलेली. जुन्या रिपने मारलेला तुकडा शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली दोन्हीकडे बघा. सेल्सवाला आपल्या फाईली घ्यायला टाळाटाळ करत असेल तर विषय तिथेच संपवा.

आणि नवीन बसवल्यावर जुनं लगेच काढू नका. आमच्याकडे जुना पीसी अजून कोपऱ्यात आहे, डोंगल मागच्या पोर्टला टेपने चिकटवलंय म्हणजे कोणी पेनड्राइव्ह समजून उपटू नये, आणि ज्या रिपीट जॉबची शेड जुळवायची असते त्यांच्या फोल्डरच्या नावापुढे 'जुनं रिप' असं लिहिलेलं असतं. गेल्या महिन्यात असे दोन आले.