अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर घरी चालून आलेली फसवणूक

अ‍ॅकॅलेझिया कार्डिया या गिळण्याच्या विकारावरील शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या रुग्णाला हेरून पैसे उकळण्याचा प्रकार सोलापुरात आमच्या कुटुंबात घडला. ज्या युक्तीने तो घडला ती याच अवस्थेतील कोणत्याही रुग्णावर सहज चालेल अशी असल्याने तो सविस्तर लिहीत आहे. रुग्ण म्हणजे माझे थोरले बंधू. ते आणि वहिनी जुळे सोलापुरात राहतात.

या आजारात अन्ननलिकेच्या भिंतीतील चेतापेशी नष्ट होत जातात. त्यामुळे घास खाली ढकलणाऱ्या लाटा मंदावत जाऊन थांबतात आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप गिळताना सैल व्हायला हवी ती होत नाही. वर्षाला लाखामागे साधारण एका माणसात आढळणारा हा विकार लवकर लक्षात येत नाही, आणि दादांनाही दीर्घकाळ आम्लपित्ताच्याच गोळ्या मिळत राहिल्या. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांवर वाढलेला माणूस ताटातली भाकरी बाजूला सारून वरणाचे पाणी पिऊ लागला, तेव्हा घरात पहिल्यांदा काळजी शिरली. अखेर पुण्यात एंडोस्कोपी, बेरियमचा (बेरियमचे द्रव पाजून काढलेला) एक्स-रे आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतील दाब मोजणारी तपासणी) झाल्यावर निदान झाले आणि दुर्बिणीतून हेलर मायोटॉमी करण्यात आली. जर्मन शल्यचिकित्सक अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये प्रथम केलेल्या या शस्त्रक्रियेत झडपेचे स्नायू उभे कापून तिचा आवळ सोडवतात, आणि आम्ल वर येऊ नये म्हणून बहुधा जठराच्या वरच्या भागाचा अर्धवट वेढा तेथे शिवून घेतात. दादांची शस्त्रक्रिया नीट पार पडली.

पुढचे सारे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या शस्त्रक्रियेने झडपेचा अडथळा दूर होतो, परंतु मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, आणि म्हणून लाटाही सहसा पूर्ववत होत नाहीत. अन्न त्यानंतर मुख्यतः स्वतःच्या वजनाने खाली उतरते. म्हणूनच ताठ बसून जेवणे, लहान घास बारीक चावणे, मध्ये पाण्याचा घोट घेणे, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे न होणे, उशाकडची बाजू उंच ठेवणे हे सारे कायमचे सांगितलेले असते. शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या रुग्णालाही घास सावकाश उतरल्याचे जाणवत राहते. हा सावकाशपणा अपेक्षित असतो. मात्र रुग्णाच्या मनात ‘ऑपरेशन अर्धेच झाले की काय’ ही शंका घर करते, आणि ठकाने आपले सारे दुकान त्या एका शंकेवर थाटले होते.

आमच्या नात्यातील एकाने मदत मिळावी या हेतूने दादांचे डिस्चार्ज कार्ड काही व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर टाकले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका गृहस्थाचा फोन आला. आपण पुण्याच्या रुग्णालयाच्या ‘पुनर्वसन विभागातून’ बोलत असल्याचे सांगून त्याने शस्त्रक्रियेची तारीख, सर्जनचे नाव आणि औषधांची नावे बिनचूक म्हणून दाखवली. एवढी माहिती ज्याच्याकडे आहे तो रुग्णालयाचाच असणार, असे दादांना वाटले आणि त्यांनी त्याला घरी बोलावले.

माणूस नीटनेटका, बोलायला गोड, गळ्यात ओळखपत्र. “काका, ऑपरेशनने रस्ता मोकळा केला, पण नसा अजून मेलेल्याच आहेत, त्या जिवंत केल्या नाहीत तर वर्षभरात पुन्हा टेबलावर,” असे त्याने सुरुवातीलाच सांगितले. यातला नसा मेल्याचा भाग खरा होता, त्यामुळे दादांनी नंतर सर्जनला फोनवर विचारले तेव्हा त्यांच्याकडूनही तेच उत्तर आले आणि उलट विश्वास वाढला. प्रश्न विचारायचा होता तो त्या नसा कशाने जिवंत होतात का, हा. आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

मग त्याने प्रात्यक्षिक केले. मानेला दोन चिकट पट्ट्या लावून हातभर यंत्राने सौम्य विजेचे झटके दिले. नंतर वहिनींकडून कडक भाकरी मागवली आणि वाफाळते पाणी तांब्याभर आणायला सांगितले. दादांना उभे केले, नखाएवढा तुकडा तोंडात घालून भरपूर चावायला लावला, प्रत्येक तुकड्यामागे ऊन पाण्याचे दोन घोट पाजले. भाकरी उतरली. कितीतरी काळाने उतरली, आणि दादांच्या डोळ्यांत पाणी आले. खरे पाहता भाकरी उतरली ती पुण्यात कापलेल्या झडपेमुळे. उभे राहणे, चघळणे आणि ऊन पाणी यांची तिला मदत झाली, कारण या आजारात थंड पाण्याने घास अडतो आणि ऊन पाण्याने उतरतो असा पुष्कळ रुग्णांचा अनुभव असतो. यंत्राचा त्यात काही संबंध नव्हता. पक्षाघातासारख्या कारणांनी घशाचे स्नायू दुबळे झालेल्या काही रुग्णांसाठी स्पीच थेरपिस्ट (बोलण्या-गिळण्याच्या अडचणींवर उपचार करणारे) विद्युत उद्दीपन वापरतात, हे खरे. पण दादांचा बिघाड घशात नव्हताच, तो छातीच्या तळाशी होता. सर्जनने तोवर भाकरीला परवानगीही दिलेली नव्हती, हे वहिनींनी तिथल्या तिथे बोलून दाखवले होते; त्यावर त्याने “ताई, डॉक्टर लोक जास्तच घाबरवतात” म्हणून हसून वेळ मारून नेली.

यंत्र, ‘नसांच्या चालनेची’ पावडर आणि घरपोच भेटी मिळून २८,००० रुपये झाले. पैसे यूपीआयने एका तिसऱ्याच व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यात गेले आणि पावती मिळाली ती साध्या कागदावर, शिक्क्याविना. पैशापेक्षा वाईट गोष्ट अशी की पावडर ‘अंगी लागावी’ म्हणून आम्ल कमी करणारी गोळी बंद करायला त्याने सांगितले. झडप सैल केल्यावर जठरातले आम्ल वर येण्याची शक्यता वाढते आणि कित्येकांना ती गोळी दीर्घकाळ लागते. दादांना रात्री जळजळ आणि खोकला सुरू झाला, तेव्हा “नसा जाग्या होत आहेत” हा खुलासा फोनवर मिळाला.

खोटेपणा उघड केला तो वहिनींनी. पावडरच्या डब्यावरील कागदाची कड त्यांना दुहेरी वाटली. त्यांनी डबा पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवला. वरचा कागद सुटून आला आणि खाली व्यायामशाळेत जाणारी मुले घेतात तसल्या प्रोटीन पावडरचा छापील वेष्टन-मजकूर निघाला, त्यावर किंमत आणि उलटून गेलेली मुदत दोन्ही स्पष्ट. वरच्या कागदावर बॅच क्रमांक नव्हता, औषध म्हणावे तर उत्पादन परवाना नव्हता, अन्नपदार्थ म्हणावे तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांकही नव्हता. पुण्याच्या रुग्णालयात विचारले असता घरी माणूस पाठवणारा असा कोणताही विभाग नसल्याचे कळले. सात रस्त्याजवळचा म्हणून दिलेला पत्ता मी स्वतः शोधला. तेथे झेरॉक्सचे दुकान होते आणि दुकानदाराला असे बरेच जण विचारून गेल्याचे त्याने सांगितले.

दादांची तपासणी झाली. बेरियम व्यवस्थित खाली उतरत होते, म्हणजे शस्त्रक्रियेत काही राहिलेले नव्हते. मात्र एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या भागाला आम्लाने आलेली सूज दिसली. गोळी पुन्हा सुरू केल्यावर खोकला गेला.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) व ३१९ (तोतयागिरीने फसवणूक) यांचा उल्लेख करून तक्रार दिली आहे. यूपीआयने पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तातडीने कळवल्यास ते गोठवले जाण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. घरी येणारा स्वतःला स्पीच थेरपिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा, डॉक्टर म्हणवत असेल तर वैद्यकीय परिषदेचा. आणि रुग्णालयाचे नाव सांगत असेल तर त्याने दिलेल्या क्रमांकावर फोन न करता डिस्चार्ज कार्डावर छापलेल्या क्रमांकावर करावा.

सोलापुरातील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही आम्ही जात आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ नुसार एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही दाखल होऊ शकते. त्या झेरॉक्सच्या दुकानात चौकशी करून गेलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी डबा, पावती आणि पैसे पाठवल्याची नोंद फेकू नये, आणि त्याच्या सांगण्यावरून आम्लाची गोळी बंद केली असेल तर आपल्या सर्जनला विचारून ती पुन्हा सुरू करावी.